कर्जत ते लोणावळा: एक शनिवार वंदे भारतने, एक डेक्कन क्वीनने

घाटवेडा
रविवार, १३ जुलै, सकाळी १०:२०

गेले दोन शनिवार मी मुंबईहून पुण्याला आईकडे गेलो. ५ तारखेला सोलापूर वंदे भारतने, काल डेक्कन क्वीनने. ठरवून. दोन्ही वेळा दरीच्या बाजूची खिडकी मिळाली, दोन्ही वेळा पाऊस होता, आणि दोन्ही वेळा कर्जत ते लोणावळा फोन बॅगेत आणि वही मांडीवर ठेवली. या मार्गावर सपाटीवरची धाव बघून गाडी कळत नाही असं माझं मत आहे. ती घाट कसा चढते ते बघावं लागतं.

नवीन मंडळींसाठी थोडं. पळसदरी सोडली की खरा चढ लागतो आणि लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरहून जास्त उंची गाठायची असते. चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. रस्त्यावर एवढ्याचं काही वाटणार नाही. पण इथे लोखंडी रुळावर लोखंडी चाक आहे, आषाढात रूळ भिजलेला, त्यावर झाडाचा पाला. एकट्या इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटीला दोन-तीन इंजिनं जोडायची आणि मागून ढकलायचं. तेच बँकर. मुंबई-पुणे प्रवास केलेल्या प्रत्येकाच्या पोटात कर्जतचा वडा गेलाय तो या बँकरमुळेच, कारण ते लागेपर्यंत गाडी उभी असते.

आता वंदे भारत. १६:०५ ला सीएसएमटी सोडली. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी, त्यामुळे डब्यात कुर्डुवाडीला उतरून पंढरपूर गाठणारे बरेच होते. माझ्या शेजारच्या काकूंच्या मांडीवर तुळशीचं रोप होतं. कल्याण गेलं, भिवपुरी गेलं, कर्जत आलं, आणि गाडी बँकरशिवाय तशीच पुढे निघाली. मी हे वाचलेलं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ही गाडी सुरू झाली तेव्हा सगळ्यात जास्त चर्चा याचीच होती. तरी कर्जतचा प्लॅटफॉर्म मागे सरकताना बघून अंगावर काटा आला. १८६३ पासून या घाटाने येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जड गाडीला मागून हात लावून घ्यायला भाग पाडलं होतं!

चढताना वेग फार नव्हता, पण एकसारखा होता. हिसका नाही, मध्येच ओढ कमी झाल्यासारखं नाही. पायाखालून बारीक घुं घुं येत होतं, बहुतेक आमच्या डब्याखाली मोटरी असाव्यात. बोगद्यात काचेत स्वतःचा चेहरा दिसायचा आणि बाहेर आलं की पुन्हा दरी. पण दरी दिसत होती, ऐकू येत नव्हती. ठाकूरवाडीच्या पुढे एक धबधबा रुळाच्या इतका जवळ होता की तुषार काचेवर आले. आवाज मात्र शून्य.

काल डेक्कन क्वीन. सेकंड सिटिंग, उघडी खिडकी. ही गाडी जून २०२२ पासून एलएचबी, म्हणजे नव्या जर्मन रचनेच्या डब्यांची आहे, म्हणजे खरं तर हीसुद्धा नवीच. पण तिची रीत जुनी. कर्जतला थांबली. मी खाली उतरून मागे चालत गेलो. बँकर येऊन टेकला तेव्हा प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसालाही तो धक्का एका डब्यातून दुसऱ्यात सरकत जाताना दिसतो. मग मागून शिट्टी, पुढून शिट्टी, आणि गाडी हलली. त्यानंतरची पंचवीस-तीस मिनिटं मी वहीत एक ओळही लिहिली नाही. बोगद्यात शिरताना गार ओली हवा आत येते, डब्याचा खडखडाट दगडावर आपटून दुप्पट होतो, शेजारची मुलं ओरडतात. उजेड जाता जाता राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले ढगांतून वर आले आणि पुन्हा बुडाले.

वेळेचं म्हणाल तर दोघींमध्ये फार फरक नाही. वंदे भारत पुण्याला साधारण तीन तासांत येते, क्वीन सव्वातीन. आणि १९३० मध्ये हीच क्वीन पावणेतीन तासांत यायची! ९५ वर्षांत १९२ किलोमीटरचं अंतर कमी झालेलं नाही, घाट हललेला नाही. बदललंय ते घाट चढण्याचं तंत्र, आणि मला त्यावरच बोलायचंय. ज्यांनी दोन्ही गाड्यांनी घाट चढलाय त्यांनी जरूर लिहा.


पासधारक_पिंपरी
१३ जुलै, ११:०५

छान लिहिलंय. पण माझी २२ वर्षं या मार्गावर गेली आहेत, म्हणून सांगतो, आमच्यासाठी ही तुलनाच लागू नाही. वंदे भारतमध्ये आमचा पास चालत नाही, आणि तिची वेळ ऑफिसला जाणाऱ्याची नाही. आमची गाडी म्हणजे सकाळी सव्वासातची क्वीन, सिंहगड, प्रगती, इंद्रायणी. माझ्या मुलीच्या बारशाचे पेढे मी आधी डब्यात वाटले, मग सोसायटीत. खंडेनवमीला आम्ही डब्याला झेंडूची तोरणं लावतो, इंजिनाला हार घालतो, लोको पायलटला नारळ देतो. गाडीवर प्रेम करायचं तर ती रोज भेटावी लागते.


ओएचई
१३ जुलै, ११:४८

बँकर का लागत नाही ते थोडं उलगडून सांगतो, कारण "नवीन गाडीत जास्त ताकद आहे" एवढंच उत्तर बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं आणि ते अपुरं आहे.

इंजिन कितीही ताकदवान असलं तरी ती ताकद रुळावर उतरते ती चाकाच्या नखाएवढ्या जागेतून. एका इंजिनाला सहा आस. म्हणजे सोळा-सतरा डब्यांची गाडी ३७ला १ च्या चढावर ओढताना सगळा भार सहा आसांच्या पकडीवर. पकड सुटली की चाक घसरतं. मग ड्रायव्हर चाकाखाली वाळू सोडतो, ताकद कमी करतो, पुन्हा वाढवतो. मागे दोन बँकर लावले की आणखी बारा आस मिळाले.

वंदे भारतमध्ये इंजिनच नाही. १६ डब्यांच्या गाडीत ८ डब्यांखाली मोटरी, प्रत्येक डब्याला चार आस. म्हणजे ३२ आस गाडी ओढतात, आणि त्यांच्यावर प्रवाशांसकट डब्याचंच वजन आहे. प्रत्येक आसाच्या वाट्याला थोडं थोडं काम येतं, त्यामुळे ओल्या रुळावरही चाक सहसा घसरत नाही. आपली लोकल याच तत्त्वावर चालते.

बँकरचं दुसरं काम लोक विसरतात. चढावर मध्येच कपलिंग तुटलं तर सुटलेले डबे मागे कर्जतच्या दिशेने पळू नयेत म्हणूनही इंजिन मागेच हवं. उतारासाठी तर कॅच सायडिंग आहेत. रूळ बदलणारा काटा आधीपासून या बाजूच्या रुळाकडे, सायडिंगकडे, लावलेला असतो. गाडी तिथे थांबून ब्रेक हाताशी आहेत हे दाखवते, तेव्हाच काटा मुख्य मार्गाकडे फिरतो. बेकाबू गाडी आपोआप वर चढणाऱ्या आंधळ्या रुळावर जाते आणि तिथे तिचा जोर मरतो.


तांबडी_खिडकी
१३ जुलै, दुपारी १:१५

+१ ओएचई. फार सोपं करून सांगितलंत.

एक भर. सुरुवातीला क्वीन रोज नव्हती. १ जून १९३० ला जीआयपीने (तेव्हाच्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने) सुरू केली तेव्हा ती शनिवार-रविवारची गाडी होती, पहिला आणि दुसरा वर्गच होता. सात-सात डब्यांचे दोन रेक, म्हणजे संच, एक रुपेरी आणि एक निळा. सांगाडे इंग्लंडचे, पण डबे बांधले आपल्या माटुंगा वर्कशॉपने. तिसरा वर्ग यायला १९५५ उजाडलं. त्यामुळे "साध्या माणसाची क्वीन" हीसुद्धा २५ वर्षांनी घडलेली गोष्ट आहे. पासधारकदादा, उद्या वंदे भारतलाही साधे डबे जोडले जाणार नाहीत असं कशावरून?


पासधारक_पिंपरी
१३ जुलै, १:४०

तांबडी_खिडकी, हे मी कधी असं पाहिलं नव्हतं. जोडले तर मी पहिल्या दिवशी तोरण घेऊन येईन.


मटारउसळ
१३ जुलै, ३:०२

डायनिंग कारवर कुणीच कसं लिहिलं नाही?! धावत्या गाडीत टेबलाशी बसून, काचेच्या ग्लासात पाणी आणि समोर चीज टोस्ट, हे आता आपल्याकडे रोजच्या दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळतं? एलएचबी रेक येणार म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता की डायनिंग कार जाणार. ती राहिली. उलट ३२ च्या जागी ४० जण बसतात.

वंदे भारतमध्ये जेवण जागेवर येतं. चांगलं गरम होतं, तक्रार नाही. पण जागेवर आलेलं जेवण आपण एकट्याने जेवतो. डायनिंग कारमध्ये समोरच्या खुर्चीवर कोण बसेल ते आपल्या हातात नसतं. मी तिथे एका निवृत्त हवामान खात्यातल्या आजोबांकडून शिकलो की घाटात ढग खालून वर का चढतात. लोणावळा कधी गेलं कळलं नाही.


जुना_डीसी
१३ जुलै, सायंकाळी ६:३०

माझं वय ७१. लहानपण कल्याणला रेल्वे चाळीत गेलं.

घाटवेडा, तुम्ही म्हणता ती जुनी गाडी माझ्या हिशेबी नवीच आहे. खरी जुनी क्वीन १५०० व्होल्ट डीसी विजेवर चालायची. पुढे डब्ल्यूसीएम-१ इंजिन, नाकाड तोंडाचं, १९५४-५५ मध्ये विलायतेहून आलेलं. आणि मालगाड्यांना 'खेकडा'. त्याची चाकं दांड्यांनी जोडलेली, चालताना डुलायचा आणि कण्हल्यासारखा आवाज करायचा. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही भावंडं आवाजावरून इंजिन ओळखायचो. वडिलांनी मला १९६१ मध्ये चित्तरंजनला बनलेलं पहिलं विजेचं इंजिन कल्याणला दाखवलं होतं. त्याच्यावर 'लोकमान्य' लिहिलेलं. मला वाचायला नुकतंच येत होतं, मी मोठ्याने वाचलं आणि वडिलांचे डोळे भरून आले.

जुन्या डब्यांचा एक वास होता. घाट उतरताना ब्रेकचे ठोकळे चाकावर घासून तापायचे, तो जळका वास खिडकीतून यायचा. आई पदर नाकाला लावायची आणि म्हणायची, "आलं कर्जत." एलएचबीला डिस्क ब्रेक आहेत, वास येत नाही. गाडी जास्त सुरक्षित आहे, अपघातात डबे एकमेकांवर चढत नाहीत, हे मला समजतं आणि त्याचा आनंदच आहे. तरी कर्जत आल्याचं मला आता पाटी वाचून कळतं.


घाटवेडा
१३ जुलै, ७:१०

जुना_डीसी काका, तुमच्या प्रतिसादासाठीच धागा काढला असं वाटलं. तारांत डीसीऐवजी एसी वीज आल्यानंतर घाटात काय बदललेलं जाणवलं? मी तेव्हा दहावीत होतो, मला फक्त इंजिनांचे रंग बदललेले आठवतात.


जुना_डीसी
१३ जुलै, ७:५५

आवाज गेला. डीसी इंजिनात रेझिस्टन्स एकेक पायरीने कमी करत वेग वाढवायचे, त्या प्रत्येक पायरीला खट् करून हलका हिसका बसायचा. चढावर बसून आम्ही पायऱ्या मोजायचो. आता ताकद सलग वाढते, मोजायला काही उरलं नाही. तारांत २५ हजार व्होल्ट आले आणि २०१६ पर्यंत मुंबईतूनही मध्य रेल्वेवरचं डीसी संपलं.


झुरिकवासी
१३ जुलै, रात्री ११:२०

जुना_डीसी काका, तुमच्या खेकड्याचं माहेर माझ्या घरापासून लोकलने अर्ध्या तासावर आहे. त्यातली पहिली इंजिनं विंटरथूरच्या कारखान्यात बनली. त्याच्याच घराण्यातलं इथलं इंजिन गोटहार्डच्या घाटात मालगाड्या ओढायचं, त्याला इथे 'मगर' म्हणतात. एकाच घरची दोन भावंडं, एक आल्प्समध्ये राहिलं, एक सह्याद्रीत आलं. इथे संग्रहालयात मगरीसमोर उभा राहिलो तेव्हा शेजारच्या स्विस आजोबांना मी खेकड्याबद्दल सांगितलं. त्यांनी मला तो शब्द तीनदा म्हणायला लावला.

घाटवेडा यांच्या मुद्द्याला इथलं उत्तर वेगळं निघालं. यांनी घाट चढण्याचं तंत्र सुधारलंच, पण शेवटी घाटाखालूनच गेले. ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा, उघडला १ जून २०१६ ला, म्हणजे क्वीनच्या वाढदिवशीच. आता डोंगराच्या पोटातून काही मिनिटांत पलीकडे. मात्र जुना वळणावळणाचा मार्ग बंद केला नाही. वासन नावाच्या गावाचं चर्च त्या मार्गावरून तीनदा दिसतं, आधी वर, मग समोर, मग खाली, कारण गाडी डोंगरात गोल फिरत चढते. मी मुलांना घेऊन मुद्दाम त्याच गाडीने जातो. वेळ वाचवायचा तेव्हा बोगदा, घाट बघायचा तेव्हा जुनी वाट. आपल्याकडेही असं दोन्ही असावं असं मनापासून वाटतं.


सह्यपायी
सोमवार, १४ जुलै, सकाळी ८:४५

बोगद्याची गोष्ट निघाली म्हणून. आपण गाड्यांबद्दल बोलतोय, पण ज्या वाटेवरून त्या जातात ती १८५६ ते १८६३ या काळात हातांनी खोदली गेली. सुरुंगाची दारू, पहारी आणि टोपल्या. कॉलरा आणि अपघातांत हजारो मजूर गेले, त्यांची नावं कुठेही नाहीत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ठेका हातात घेऊन काम पूर्णत्वाला नेलं. १८५९ साली एका विधवा बाईने!

खंडाळ्याखाली तेव्हा एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. जागा इतकी कमी की गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ मध्ये नवीन बोगदे काढून ती अडचण संपवली, म्हणून तर पुढच्या वर्षी क्वीन सुरू होऊ शकली. ती जागा अमृतांजन पुलाजवळ होती. २०२० मध्ये तो पूलही पाडला. मी ट्रेकला जाताना तिथे थांबून एकदा हात जोडतो.


मटारउसळ
१४ जुलै, ९:३०

सह्यपायी, मजुरांबद्दल लिहिलंत ते वाचून काम बाजूला ठेवलं थोडा वेळ.


बँकरवाल्याची_लेक
मंगळवार, १५ जुलै, रात्री १०:१०

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको चाललं होतं.

माझे बाबा कर्जतला बँकरवर ड्रायव्हर होते. घाटवेडांनी 'मागून शिट्टी' लिहिलंय ना, ती शिट्टी त्यांची. त्यांनी डेक्कन क्वीन पुढून कधीच नेली नाही. कायम मागून ढकलली. समोर काचेतून काय दिसायचं, तर शेवटच्या डब्याची पाठ. पुढचा सिग्नल दिसत नाही, वळण दिसत नाही. पुढच्या ड्रायव्हरने शिट्टी दिली की ताकद द्यायची, पुन्हा दिली की काढायची. बाबा म्हणायचे, "आपल्याला गाडी दिसत नाही, हाताला लागते." लोणावळ्याला गाडी सुटायची, ती पुण्याला जायची, आणि हे रिकामं इंजिन घेऊन पुन्हा खाली कर्जतला. एका पाळीत असे कितीतरी चढ-उतार. माझ्या लहानपणी त्यांचा पुण्याशी संबंध एवढाच होता की पुण्याला जाणाऱ्या गाड्यांची पाठ त्यांना पाठ होती.

मागच्या दिवाळीत मी त्यांना वंदे भारतने पुण्याला नेलं. वय ७८, गुडघे गेलेत. कर्जत आलं तसे ते खुर्चीत सावरून बसले. गाडी पुढे निघाली. पळसदरी गेलं. त्यांनी चप्पल काढली आणि दोन्ही पाय जमिनीला नीट टेकवले. मी विचारलं पाय दुखतायत का, तर हाताने गप्प बस अशी खूण केली. नागनाथपर्यंत तसेच बसून होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मागे कुणी नाही."

मला वाटलं वाईट वाटलं असेल. मी काहीतरी समजूत घालायला गेले. तर म्हणाले, "अगं, बरं झालं. पावसाळ्यात या चढावर चाक सुटलं की पोटात खड्डा पडायचा. पुढे हजार माणसं आणि आपल्याला काही दिसत नाही." मग मंकी हिलला त्यांनी चहा मागवला. या घाटात बसून चहा प्यायची त्यांची पहिलीच वेळ होती.


जुना_डीसी
१५ जुलै, १०:४०

बाबांना माझा नमस्कार सांगा. ते कुठल्या इंजिनांवर होते? डब्ल्यूसीजी-२ असेल तर मी त्यांना ओळखत असण्याची शक्यता आहे. माझे वडील कल्याण शेडला फिटर होते, कर्जतची इंजिनं दुरुस्तीला त्यांच्याकडेच यायची.


बँकरवाल्याची_लेक
१५ जुलै, ११:१५

डब्ल्यूसीजी-२ च! बाबा झोपलेत, सकाळी विचारते. काका, तुमच्या वडिलांचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा.


घाटवेडा
बुधवार, १६ जुलै, सकाळी ७:०५

येत्या शनिवारी पुन्हा क्वीनने जातोय. आईला विचारलं कुठल्या गाडीने येऊ, तर ती म्हणाली वेळेवर ये, म्हणजे झालं. पण येताना कर्जतचा वडा आण म्हणाली, आणि त्यासाठी गाडी थांबायला हवी. काही फोटो हवे असतील तर सांगा. बँकर जोडतानाचे नक्की काढतो. लेक, बाबांना दाखवण्यासाठी मागच्या कॅबजवळचा एक वेगळा काढेन.